रिकाम्या खोलीचा पत्ता

एरवी निमूटपणे काम करणारा प्रोग्रॅम दोषशोधनासाठी, म्हणजे डीबगिंगसाठी, चालवावा आणि नेमका तेव्हाच तो कोलमडावा, हा प्रकार प्रयोगशाळेत वरचेवर पाहावयास मिळतो. विद्यार्थी मोठ्या विश्वासाने म्हणतो, "सर, प्रोग्रॅम ठीक आहे, बिघाड डीबगरमध्येच असणार!" त्याची सहानुभूती आरोपीकडे असते आणि राग मात्र पोलिसावर.

सी भाषेतील पॉइंटर म्हणजे केवळ पत्ता. स्मृतीतील जागेचा क्रमांक तो सांगतो. तेथे कोण राहतो याची हमी देत नाही. आमच्या चिंचवडात कारखान्यांतील कामगारांच्या भाड्याच्या खोल्या पुष्कळ. एखादा भाडेकरू खोली सोडून जावा आणि मित्राच्या वहीत जुनाच पत्ता राहावा, तशी गत मोकळ्या केलेल्या जागेकडे बोट दाखविणाऱ्या पॉइंटरची होते. नवा भाडेकरू येईपर्यंत भिंतीवरचे कॅलेंडर जागच्या जागी असते. मित्र त्यावरील दुधाचा हिशेब वाचतो आणि समाधानाने परततो. प्रोग्रॅमही तसाच जुना आकडा वाचतो आणि उत्तर बरोबर येते!

आता डीबगिंगची गंमत पाहा. व्हिज्युअल सी प्लस प्लसमध्ये त्यासाठी बांधलेल्या प्रोग्रॅमात मोकळी झालेली जागा तत्काळ 'डीडी' या ठरावीक खुणेने भरली जाते. भाडेकरू उंबऱ्याबाहेर पडताच घरमालकाने भिंतींना सफेदी करावी, तसे हे आहे. मित्राला कोऱ्या भिंती दिसतात आणि घोटाळा उघडकीस येतो. घोटाळा जुनाच, नवी ती फक्त सफेदी.

याच्या उलटही घडते. लिनक्सवरील जीडीबी हा डीबगर पत्त्यांची यादृच्छिक उलथापालथ सहसा बंद ठेवतो. त्यामुळे भरकटलेला पॉइंटर कधी निरुपद्रवी जागी पडतो आणि दोष दडून बसतो. पाहू जाता रूप पालटणाऱ्या अशा दोषांना 'हायझेनबग' म्हणतात. जिम ग्रे यांच्या १९८५च्या निबंधात हा शब्द आहे. परंतु हायझेनबर्गच्या १९२७च्या सिद्धान्ताचा हा आधार मला फसवा वाटतो. इलेक्ट्रॉनचे काहीही असो, पॉइंटरचा दोष पाहण्याने जन्मत नाही. तो कोणीतरी कोणत्यातरी ओळीत लिहिलेलाच असतो.

म्हणून कोसळलेल्या ओळीशी हुज्जत न घालता, ती जागा मोकळी कोणी केली याचा माग काढावा. खोली सोडताच वहीतला पत्ता खोडावा, म्हणजे पॉइंटर 'नल' करावा. आणि त्या पत्त्याच्या नकला आणखी किती वह्यांत आहेत, तेही पाहावे.

हा काथ्याकूट कशासाठी? या मुलांपैकी काही उद्या भोसरी-चाकणच्या कारखान्यांत यंत्रे चालविणारे प्रोग्रॅम लिहितील. रिकाम्या खोलीत नवा भाडेकरू केव्हा येईल याचा तेथे नेम नाही. ऐन रात्रपाळीत तो आला आणि यंत्राला भलताच आकडा मिळाला, तर यंत्राजवळ कामगाराचा हात असू शकतो. त्यापेक्षा आमच्या प्रयोगशाळेत दिवसाढवळ्या पितळ उघडे पडलेले काय वाईट? अशा वेळी हिरमुसलेल्या विद्यार्थ्याचे मी मनापासून अभिनंदन करतो. त्याला ती थट्टा वाटते, एवढीच अडचण!