पितृपंधरवड्यातली गाडी

लक्ष्मी रोडवर ‘एकच भाव’ अशी पाटी लावलेली दुकानं अजून आहेत. आमच्या बाबांना तीच दुकानं आवडतात. भाव करायची वेळ आली की त्यांचा चेहरा असा होतो, जणू कुणीतरी त्यांना उसने पैसे मागायला पाठवलंय. मंडईत ते पिशवी धरून दोन पावलं मागे उभे राहतात आणि आई पुढे होते. तिचं आणि भाजीवाल्या मावशींचं जे काय चालायचं ते चालतं.

असे आमचे बाबा सप्टेंबर २०२५ मध्ये, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, आयुष्यातली पहिली नवी गाडी घ्यायला निघाले. तेही एफडी मोडून. कर्ज नको, मुलाचे पैसे नकोत. म्हणजे जो काही जास्तीचा रुपया जाणार तो त्यांच्या औषधपाण्यातूनच जाणार. म्हणून मी मागे लागून बरोबर गेलो.

त्यांचंही बरोबर आहे म्हणा. ती पिढी वेगळ्याच बाजारात वाढली. चेतकचा कारखाना इथे आकुर्डीत, पण पुणेकरालाही नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागायची. घाई असेल त्याने किमतीच्या वर ‘ऑन’ मोजायचे. १९८३ साली मारुती ८०० आली, तेव्हाही आधी पैसे भरायचे आणि मग नंबराची वाट बघायची. विकणारा आपल्याला देतोय हेच उपकार. त्याच्याशी घासाघीस कसली करता?

बरं, मुहूर्ताचा घोळ वेगळाच. जीएसटी कौन्सिलने ३ सप्टेंबरला लहान गाड्यांवरचा कर कमी केला, पण लागू होणार २२ पासून. आणि ८ ते २१ पितृपंधरवडा! शोरूमवाल्यांचं तर दुहेरी सुतक. आईने स्पष्ट सांगितलं, "पंधरवड्यात गाडी दारात येणार नाही." मी म्हटलं, दारात नको, बोलणी तर करू. बिल घटस्थापनेनंतरचं. घटस्थापना नेमकी २२ लाच होती, त्यामुळे जीएसटी कौन्सिल आणि आई यांचं पहिल्यांदाच एकमत झालं.

शोरूमचं नाव कशाला सांगू, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच चालतं. सेल्समन पोरगा चुणचुणीत होता. बार्शीकडचा, नऱ्ह्यात कॉट बेसिसवर राहणारा. चहा आला, कोटेशन आलं आणि वर तो म्हणाला, "काका, तुमच्यासाठी सत्तर हजार डिस्काउंट केलाय."

बाबा खूश. मी गणित मांडलं. पेट्रोलच्या लहान गाडीवर आधी २८ टक्के जीएसटी आणि १ टक्का सेस होता, आता नुसता १८. आठ लाखांच्या गाडीत त्यानेच सुमारे ६८ हजार कमी होतात. म्हणजे शोरूमच्या खिशातून आले दोन हजार, बाकीचा डिस्काउंट निर्मलाताईंचा. पोरगा हसला. मीही हसलो. बाबांना मात्र ते आवडलं नाही. पार्किंगमध्ये म्हणाले, "त्या पोराच्या पोटावर का पाय देतोस?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, खरं सांगायचं तर. कारण पोरानेच मघाशी सांगितलं होतं की त्याचा इन्सेन्टिव्ह गाडीवर फारसा नसतो, इन्शुरन्स आणि ॲक्सेसरीजवर असतो. मी जे जे खोडणार त्यातला थोडा वाटा त्याचाच.

मग एक युक्ती सुचली. बाबा बत्तीस वर्षं अकाउंट्समध्ये होते. घरी आल्यावर मी कोटेशन त्यांच्यापुढे ठेवलं आणि म्हटलं, "भाव करू नका. हे व्हाउचर समजा आणि पास करा."

काय सांगू मंडळी! चष्मा बदलला, लाल पेन निघालं. पहिली चूक पाच मिनिटांत सापडली, आणि ती माझ्या नजरेतून सुटलेली. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला रोड टॅक्स ११ टक्के. यांनी गाडीची किंमत नवी लावली होती, पण टॅक्स जुन्या किमतीवर. साडेसात हजार जास्त. पुढची ओळ ‘हँडलिंग चार्जेस ९,५००’. बाबांचा प्रश्न : "ही रक्कम कुठल्या खात्यात जमा होते?" ती आरटीओत जात नाही आणि कंपनीकडेही जात नाही. गाडी शोरूमच्या दारापर्यंत आणायचा खर्च एक्स-शोरूम किमतीतच आला. मग ही कशाची? लाल गोल.

इन्शुरन्स ४३ हजार. यातला तीन वर्षांचा थर्ड पार्टी हप्ता सरकार ठरवतं. हजार ते पंधराशे सीसीला १०,६४० रुपये अधिक जीएसटी, कुणाकडूनही घ्या. फरक असतो तो उरलेल्या रकमेत. तीच आयडीव्ही, तेच झिरो डेप, ऑनलाइन २९,५००. डीलरकडूनच घ्या अशी सक्ती कुणी करू शकत नाही. ‘बाहेरून घेतलात तर कॅशलेस मिळणार नाही’ हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. पण कॅशलेस ठरतं ते विमा कंपनीचं त्या वर्कशॉपशी टाय-अप आहे की नाही यावर. ते होतं.

दुसऱ्या खेपेला मी जवळजवळ बोललोच नाही. बाबांनी मॅनेजरसमोर कागद ठेवला आणि एकेक ओळ शांतपणे विचारली. आवाज न चढवता, ऑडिटमध्ये विचारतात तसं. टॅक्स दुरुस्त झाला. हँडलिंग गेलं. इन्शुरन्स ३१ हजारांवर आला, तेव्हा बाबाच म्हणाले, "दीड हजार जास्त आहेत, पण यांच्याकडेच घेऊ. पोराच्या नावावर लागू दे." मग मॅनेजरने आपणहून आणखी पंधरा हजार सोडले. पंधरवड्यात शोरूम रिकामं होतं, दसऱ्याला सोडले असते असं मला वाटत नाही. साडेचौदा हजारांचं ‘बेसिक किट’ रद्द करून नुसती मॅट्स घेतली. नाना पेठेत तीच स्वस्त मिळाली असती, पण ती ओळ त्यांनी लाल केली नाही.

जीएसटी सोडून एकंदर ४४ हजार वाचले. "भाव जमतो की तुम्हाला," असं मी म्हटलं तर बाबा चिडले. "भाव कुठे केला? बिल तपासलं."

घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी गाडी आली. आईने ओवाळलं, लिंबं चिरडली, सोसायटीत पेढे वाटले. बाबा तेव्हा आत कागद लावत बसले होते. मॅट्सच्या पावतीवर शिक्का नव्हता म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी ते परत शोरूमला गेले. पीएमपीच्या बसने. एवढ्याशा कामाला नवी गाडी कशाला काढायची!