पार्किंगमधली गादी कोणाची?

भाड्याचा फ्लॅट बघायला गेलात की तुम्ही काय काय बघता? मॉड्युलर किचन, बाल्कनी, नेटवर्क येतं का. पार्किंगबद्दल फार तर एकच प्रश्न : गाडी लागेल ना? पण जिना खाली उतरतो, तिथे काय पडलंय ते कोण बघतं, बॉस?

वाकडच्या आमच्या बिल्डिंगमध्ये ते बघायची वेळ एका नोटिशीमुळे आली. खाली पार्किंग, वर सात मजले, सगळे भाडेकरू आणि मालक एकच. अग्निशमन विभागाची तपासणी होणार म्हटल्यावर मालककाकांचा व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला. पार्किंग रिकामं पाहिजे, भाडेकरूंनी त्या दिवशी गाड्या रस्त्यावर लावाव्यात. बाकीचं सामान शेजारच्या प्लॉटवर ताडपत्रीखाली. साहेब गेले की पुन्हा आत! एका दिवसाचा तर प्रश्न.

सामान तरी काय एकेक... चार गाद्या, फ्रिजचे खोके, रंगाचे डबे, एक लोखंडी कॉट आणि दोन्ही टायर बसलेली एक अ‍ॅक्टिव्हा. यातलं काहीच कोणाचं नव्हतं. अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट संपलं की आपण फ्लॅट लख्ख करून देतो, कारण डिपॉझिट परत हवं असतं. पार्किंगचं डिपॉझिट कोणी घेत नाही. मग जाणारा प्रत्येक जण मागे काहीतरी ठेवून जातो आणि खोके नेमके मीटर बोर्डाला टेकून उभे राहतात.

मला त्या ताडपत्रीचा राग आला, त्याला कारण होतं. ६ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे गोरेगावात जय भवानी नावाच्या इमारतीत आग लागली, ती खालच्या पार्किंगमध्ये. तिथे ठेवलेल्या चिंध्या आणि गाड्या पेटल्या. लोक वर झोपले होते. किमान सात जणांचा जीव गेला. त्या बातमीची कॉपी मी घरी बसून, फोन करकरून लिहिली होती. खाली पार्किंग असलेल्या इमारतीत जिना धुराड्याचं काम करतो, हे तेव्हा डोक्यात बसलं ते बसलंच.

कायदाही आहे की! २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमानुसार परवानाधारक एजन्सीकडून आगीची यंत्रणा तपासून घ्यायची आणि ‘फॉर्म बी’ वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत द्यायचा. आमच्याकडे होज रीलच्या लाल पेटीत वॉचमनमामांचा डबा आणि छत्री होती!

काकांशी मी आणि पाचव्या मजल्यावरची दोन मुलं बोललो. “काका, प्लॉटवर न्यायला टेम्पो लागणार, परत आणायलाही लागणार. त्यापेक्षा भंगारवाल्याला बोलवू, वर पैसेच मिळतील.” हे त्यांना लगेच पटलं. सुरक्षिततेवरचं माझं भाषण वाया गेलं, हिशेब कामाला आला.

अ‍ॅक्टिव्हाने मात्र डोकं खाल्लं. एमपरिवहन अ‍ॅपवर मालकाचं नाव अर्धं फुल्यांनी झाकलेलं. जुनी अ‍ॅग्रीमेंट्स चाळून काकांनी माणूस शोधला, तर तो बेंगळुरूला. “फेकून द्या ना,” म्हणाला. अरे, कागदांशिवाय कशी फेकणार? शेवटी ती जिन्यापासून उचलून कंपाउंडच्या कोपऱ्यात ठेवली.

अधिकारी आले तेव्हा फरशी चकाचक धुतलेली होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. होज रीलचा व्हॉल्व्ह उघडून पाणी येतंय का पाहिलं, सिलिंडरवरच्या तारखा वाचल्या, पंप ऑटोवर आहे का विचारलं (नव्हता). मग मान वर करून पहिल्या मजल्याच्या खिडकीतून लोंबणारी एक्स्टेन्शन वायर दाखवली. ई-स्कूटर चार्ज करायला कोणीतरी सोडलेली. ती आमच्यापैकी एकालाही दिसली नव्हती, इतकी सवयीची!

आता जिन्याच्या पायाशी पिवळा चौकोन रंगवलाय. पहिल्याच आठवड्यात त्यावर एक नवी कोरी बुलेट उभी राहिली. मामांनी तिच्या सीटवर खडूने फुली मारली, मग बरंच भांडण झालं, पण गाडी हलली.

माझं अ‍ॅग्रीमेंट मेमध्ये संपतंय. जुलैच्या फॉर्मच्या वेळी मी बहुतेक इथे नसेन. गादीसाठी टेम्पोवाल्याशी आत्ताच बोलून ठेवलंय, तीनशे रुपये जास्त मागतोय.