ठिगळ

ठिगळ हा शब्द मराठीत फारसा मानाचा नाही. विटलेले वस्त्र, रिकामा खिसा आणि मिणमिणत्या दिव्यापाशी सुई ओवीत बसलेली गृहिणी, एवढे सारे त्या एका शब्दाबरोबर डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु संगणकाच्या इतिहासात असा एक काळ होऊन गेला की, त्या काळी लोक ठिगळाची चातकासारखी वाट पाहत.

हा मान त्याला मिळाला तो मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीत. इंग्रजीत ‘मुक्त’ आणि ‘फुकट’ या दोन्ही अर्थांना एकच शब्द असल्याने तिकडे पुष्कळ घोटाळा होतो. मराठीत तसे होण्याचे कारण नाही. 1983 साली अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ या प्रकल्पाची घोषणा केली. आज्ञावलीचा मूळ मजकूर कोणालाही वाचता यावा, बदलता यावा आणि दुसऱ्यास देता यावा, असा त्यांचा आग्रह होता. मोबदला घेण्यास त्यांची हरकत नव्हती. 1985 साली ते आपला ‘ईमॅक्स’ हा मजकूर-संपादक चुंबकीय फितीवर भरून टपालाने पाठवू लागले, तेव्हा एका फितीचे 150 डॉलर घेत. ज्यांच्याकडे जाळ्याची जोडणी होती त्यांना तो विनामूल्य उतरवून घेता येई. पण असे भाग्यवान थोडे.

आज्ञावली कधीच पुरी होत नाही. आज एक दोष सापडतो, उद्या दुसरा. प्रत्येक वेळी सारा ग्रंथ पुन्हा पाठवायचा म्हटले, तर पाठविणारा आणि घेणारा दोघेही थकून जातील. या अडचणीवर लॅरी वॉल या अमेरिकन गृहस्थांनी 1985 सालीच एक लहानशी आज्ञावली लिहिली. तिचे नाव ‘पॅच’, म्हणजेच ठिगळ!

तिची रीत अशी. दुरुस्ती करणारा जुना व नवा मजकूर ताडून पाहतो आणि केवळ भिन्न ओळी टिपून पाठवतो : ही ओळ काढावी, ही घालावी. सोबत मागच्यापुढच्या काही न बदललेल्या ओळीही तो देतो. सारी गंमत या शेजारच्या ओळींत आहे. घेणाऱ्याने स्वतः काही फेरफार केल्यामुळे ओळींचे क्रमांक सरकले असले, तरी घराचा क्रमांक बदलल्यावर पोस्टमन जसा शेजारपाजारच्या खुणांवरून घर ओळखतो, तशी ती आज्ञावली योग्य जागा शोधून काढते. जागा सापडलीच नाही, तर ती बळेच काही चिकटवत नाही. तो तुकडा वेगळा काढून ठेवते आणि मालकास तसे कळवते. हा प्रामाणिकपणा मोठमोठ्या यंत्रांतही नेहमी आढळत नाही.

पुढे 1991 साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्याने लिनक्स प्रसिद्ध केले, तेव्हा त्याच्या पहिल्या आवृत्तीत सुमारे 10,000 ओळी होत्या. मार्च 1994 मधील 1.0 या आवृत्तीत त्या 1,76,000 च्या वर गेल्या. जून 1996 मध्ये 2.0 ही आवृत्ती निघाली. दाबून लहान केल्यावरही तिचा मूळ मजकूर पाच मेगाबाइटांच्या आसपास भरत असे. भारतात विदेश संचार निगमने 15 ऑगस्ट 1995 रोजी इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून सेकंदाला 9,600 बिट एवढाच वेग मिळे. त्या वेगाने पाच मेगाबाइट उतरवण्यास, तार एकदाही न तुटता, तासाहून अधिक वेळ लागे. आणि तार तुटत असे! शंभर किलोबाइटांचे ठिगळ मात्र दीड मिनिटात घरी येई. पीसी क्वेस्ट या मासिकासोबत लिनक्सची सीडी मिळू लागली, तेव्हा मूळ ग्रंथ सीडीवरून घ्यावा आणि पुढची ठिगळे तेवढी तारेवरून आणावीत, हा सोयीचा मार्ग खुला झाला. ठिगळे क्रमाने लावावी लागत. मधले एखादे राहून गेले, की पुढचे बसत नसे.

परंतु दूरदेशीच्या अनोळखी माणसाने पाठविलेले ठिगळ आपल्या वस्त्राला लावावे कोणत्या भरवशावर? ही शंका पोकळ नव्हती. 21 जानेवारी 1999 रोजी नेदरलँड्समधील आइंडहोव्हन येथील विद्यापीठाच्या संगणकावर ठेवलेली ‘टीसीपी रॅपर्स’ ही आज्ञावली कोणी दुष्टाने बदलली. संगणकाच्या दारावर पहारा करणाऱ्या त्या आज्ञावलीतच त्याने एक चोरदरवाजा बसवला होता. लेखकाच्या संगणकीय स्वाक्षरीशी आपली प्रत ताडून पाहणाऱ्याच्या ध्यानात ती लबाडी येत होती. न पाहता घेणाऱ्याने मात्र पहारेकऱ्याच्या हातूनच किल्ली गमावली. ही लबाडी त्याच दिवशी उघडकीस आली आणि सर्वत्र इशारा गेला.

त्याच वर्षी ‘डेबियन’ या संचाबरोबर ‘ॲप्ट’ हे साधन आले आणि दुरुस्त्या शोधणे, आणणे, क्रमाने बसवणे ही सारी कामे ते स्वतःच करू लागले. आता तर मालक झोपेत असताना दूरध्वनी आपली डागडुजी आपणच उरकून घेतो. काय काढले आणि काय घातले, हे सहसा कोणी वाचत नाही. लिनक्सच्या गाभ्यावर काम करणारी माणसे मात्र अजूनही ईमेलने एकमेकांना ठिगळे धाडतात. काढलेल्या ओळीमागे वजाचे चिन्ह, घातलेल्या ओळीमागे अधिकाचे, आणि वरखाली त्याच शेजारच्या ओळी.