आजोबांनी हिब्रू शिकावी की इटालियन?

मुले परदेशी स्थिरावली की प्रथम काळजी असते ती त्यांच्या प्रकृतीची आणि नोकरीची. पुढे नातवंडे बोलू लागतात आणि मग एक निराळीच अडचण उभी राहते. पडद्यावर नात दिसते, हसते, भराभर काही सांगते. आणि इकडे आजी-आजोबांना त्यातले अक्षरही उमगत नाही. दिग्रससारख्या तालुक्याच्या गावीही हे दुःख आता नवे राहिलेले नाही.

माझ्याकडे रक्तदाब तपासून घेण्यास येणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांचा मुलगा इस्रायलमध्ये आहे आणि मुलगी इटलीत. "या वयात एकच भाषा झेपेल असे वाटते. कोणती धरू?" असे त्यांनी मला विचारले. मी भाषातज्ज्ञ नव्हे. परंतु या प्रश्नात डोळे, कान आणि स्मरणशक्ती या तिन्हींचा संबंध येत असल्याने वैद्यक म्हणून त्यावर विचार करणे मला भाग पडले.

हिब्रू ही प्रथम डोळ्यांची परीक्षा घेते. तिची बावीस अक्षरे उजवीकडून डावीकडे लिहितात. त्यांपैकी दालेत आणि रेश, बेत आणि काफ, हे आणि खेत या जोड्या इतक्या सारख्या दिसतात की मोतीबिंदू असलेल्या माणसाची फसगत ठरलेलीच. शिवाय वर्तमानपत्रांत आणि नेहमीच्या पुस्तकांत स्वरचिन्हे बहुधा देत नाहीत. तीच तीन अक्षरे 'सेफेर' वाचली तर पुस्तक आणि 'सापार' वाचली तर न्हावी, संदर्भावरून ओळखायचे. आपल्या गावात ज्यांना उर्दू वाचता येते त्यांना मात्र ही दिशा आणि गाळलेले स्वर, दोन्ही परिचित आहेत. त्यांची निम्मी भीती तेथेच सरते.

इटालियन कानांची परीक्षा घेते. लिपी इंग्रजीचीच, अक्षरे एकवीस, आणि थोडे नियम कळले की लिहिले तसे वाचता येते. त, द हे उच्चार आपल्यासारखेच दंत्य आहेत. मात्र जोडव्यंजनाकडे दुर्लक्ष केले तर अर्थ पालटतो. 'नोन्नो' म्हणजे आजोबा आणि 'नोनो' म्हणजे नववा! 'पता' आणि 'पत्ता' यांतला भेद ज्याच्या कानाला कळतो त्या मराठी माणसाला हे अवघड नाही. कान शाबूत हवेत इतकेच.

व्याकरणात तर दोन्ही भाषा आपल्याला अनपेक्षित सोयरीक दाखवतात. मराठीत पुरुष 'जातो' म्हणतो आणि स्त्री 'जाते'. हिब्रूतही वर्तमानकाळात पुरुष 'होलेख' म्हणतो आणि स्त्री 'होलेखेत'. 'मला मुलगे आहेत' हे हिब्रूत 'येश ली बानीम', आणि त्यातील 'ली' म्हणजे 'मला'. इटालियनमध्ये 'मी प्याचे' म्हणजे 'मला आवडते'. तेथील 'मी' हा आपला 'मला'. आवडणारी वस्तू अनेकवचनी असली की क्रियापदही अनेकवचनी होते, अगदी 'मला पुस्तके आवडतात' यासारखे. वडीलधाऱ्यांशी आदराने बोलण्यासाठी इटालियनमध्ये 'लेई' हे वेगळे सर्वनाम आहे. हिब्रूत मात्र लहानथोर सर्वांना एकच 'अता', स्त्री असल्यास 'अत'. नातवाने 'अता' म्हटले तर तो उद्धटपणा समजू नये.

इंग्रजी भाषकांसाठी अमेरिकी परराष्ट्र खात्याने केलेल्या वर्गवारीत हिब्रूला सुमारे ४४ आठवडे दिलेले आहेत आणि इटालियनला त्याहून पुष्कळ कमी. पण आकड्यांवरून निर्णय करू नये, असे मला आपल्याच मराठी बांधवांकडे पाहून वाटते. कोकणातील बेने इस्रायली समाज शतकानुशतके मराठी बोलत आला. तेल गाळण्याचा व्यवसाय आणि शनिवारची सुटी, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. त्यांच्यासाठी डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली मुंबईत मराठीतून हिब्रू व्याकरण छापले. १९४८ नंतर यांतील असंख्य कुटुंबे इस्रायलला गेली. तेथे प्रौढ स्थलांतरितांना हिब्रू शिकवणारे 'उल्पान' नावाचे वर्ग १९४९ पासून चालू झाले होते. दुकान, दवाखाना, शेजार, सगळीकडे हिब्रू लागत होती. तरीही त्यांनी मराठी सोडली नाही. 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिकही त्यांनी तेथून चालवले.

आता वैद्यकाकडे वळू. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये डॉ. सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी ६४८ स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध केला. दोन वा अधिक भाषा बोलणाऱ्यांत हा विकार सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसला. निरक्षरांतही हा फरक आढळला. घरी गोरमाटी, बाजारात वऱ्हाडी, शेजाऱ्यांशी हिंदी-उर्दू बोलणारी दिग्रसची वृद्ध मंडळी याच वर्गात मोडतात. मात्र हे आयुष्यभराच्या सवयीचे फळ आहे. सत्तरीनंतर नवी भाषा शिकल्याने स्मृतिभ्रंश टळतो, असे आश्वासन मी देणार नाही. रोज नवे शब्द घोकणे आणि त्या निमित्ताने माणसांशी बोलणे मनाला टवटवी देते, एवढे खात्रीने सांगेन.

म्हणून त्या शिक्षकांना मी सांगितले, सोपी कोणती हे विचारू नका. पलीकडे आठवड्यातून दोनदा फोन धरून बसणारे कोण आहे ते पाहा. नात दर रविवारी बोलते, म्हणून त्यांनी इटालियन धरली. मुलाकडचा नातू अधिक बोलका असता तर मी हिब्रूच सुचवली असती.

आरंभ करण्यापूर्वी डोळे आणि श्रवणशक्ती अवश्य तपासून घ्या. ऐकू कमी येणे हे स्मृतिभ्रंशाचे टाळता येण्याजोगे एक मोठे कारण मानले जाते. दिवसाला वीस मिनिटे पुरेत, अक्षर मोठे असावे, आणि शब्द मोठ्याने म्हणावेत. पहिले शब्द नात्यांचे घ्या: हिब्रूत आजोबा 'सबा' आणि आजी 'सावता', इटालियनमध्ये 'नोन्नो' आणि 'नोन्ना'.

शुश्रूषा करणाऱ्यांना दोन गोष्टी सांगतो. नवा शब्द न आठवणे हा आजार नव्हे, त्यावरून चेष्टा करू नका. परंतु नेहमीची मराठी बोलताना ओळखीचे शब्द सापडेनासे झाले, तीच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली जाऊ लागली, तर डॉक्टरांना दाखवा. आणि परदेशी राहणाऱ्या मुलांनो, स्मृती ओसरू लागली की पुष्कळदा मागाहून शिकलेली भाषा आधी जाते आणि मायबोली मागे उरते. तेव्हा आई-वडील तुमची भाषा शिकत असतील, तर तुम्हीही नातवंडांना 'आजी, पाणी हवे का?', 'कुठे दुखते?' एवढी मराठी आजच शिकवून ठेवा.