कोपऱ्यातली रोपे

दिवाळी सरली की आमच्या श्रीवर्धनकडची अंगणे केशरी दिसू लागतात. आगरातल्या पोफळींना पिकलेली सुपारी लागलेली असते. पायात दोरी अडकवून गडी सरसर वर चढतो, घड कापतो आणि दोरीने खाली सोडतो. विखुरलेली फळे वेचायचे काम पोरांचे. मग ती सारवलेल्या अंगणात एकेरी पसरायची, रोज हाताने परतायची आणि दिवस मावळला की दंव लागू नये म्हणून झाकायची. असे चाळीस-पंचेचाळीस दिवस. एवढ्यात ओल लागली तर बुरशी धरते आणि भाव पडतो. फळ कानाशी हलवावे. आत सुपारी खुळखुळली की सोलायला घ्यावी. हे मला सासूबाईंनी शिकवले.

त्यांची आणखी एक सवय होती. दरवर्षी चांगल्या झाडाची टपोरी, भरदार फळे त्या निवडून ठेवीत आणि विहिरीजवळच्या कोपऱ्यात, देठाकडची बाजू वर करून रेतीत पुरीत. आगर तर भरलेले! मी एकदा हसून म्हटलेही, "आई, ही रोपे लावायची कुठे? पाय ठेवायला जागा नाही."

"असू दे गं. मागितली कुणी तर देता येतील," एवढेच त्या म्हणाल्या.

३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आले. दुपारभर आम्ही दार लावून बसलो होतो. बाहेर पोफळी मधोमध मोडत होत्या, त्याचा कडकड आवाज घरात येत होता. संध्याकाळी बाहेर पडून पाहिले, तर एकशे चाळीस झाडांतली अकरा उभी. सासऱ्यांच्या हातची झाडे ती! हे पडवीत बसून राहिले, दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी मला विहिरीजवळ नेले. वरची झावळे बाजूला केली, तर खाली गुडघाभर उंचीची रोपे जशीच्या तशी! वारा त्यांच्या डोक्यावरून निघून गेला होता. त्या पावसाळ्यात नऊ-नऊ फुटांवर खड्डे घेऊन आम्ही ती लावली. उरलेली शेजाऱ्यांना दिली. कुणी मागण्याची वाट पाहावी लागली नाही.

यंदा त्यांतल्या काही झाडांना पहिला घड आला. झाड अजून ठेंगणे, शिडीवर चढून मीच तो कापला. जेमतेम टोपलीभर सुपारी. ती विकायची नाही, पूजेसाठी ठेवायची, असे सासूबाईंनी सांगितले. मी वाळवली, सोलली, डब्यात भरली.

मात्र त्याआधी अकरा जुन्या झाडांची चांगली फळे वेगळी काढून ठेवली होती. सासूबाईंना आता वाकवत नाही. त्या पायरीवर बसून सांगत होत्या आणि विहिरीजवळच्या रेतीत मी एकेक फळ पुरत होते. देठाकडची बाजू वर करून.