पाहुण्यांची जागा

लग्न एका पक्षाचे होत नाही. वधूपक्षाने कितीही मोठा मांडव घातला, जिलब्यांच्या पराती भरून ठेवल्या, सनईवाला बसवला, तरी पलीकडची माणसे आल्याखेरीज त्या सगळ्याला शोभा नाही. ती माणसे आली की कुरबुरी सुरू होतात हे खरे. कुणाला चहा गार लागतो, कुणाचा पाट पंगतीत मागे पडतो, कुणा दूरच्या मामांचा मान राहून जातो. पण यजमान हे सारे हसत सोसतो. आपल्याच मांडवात बसून आपल्याला नावे ठेवण्याचा ज्यांना हक्क आहे, अशी चार माणसे असल्याशिवाय कार्य पुरे होत नाही, हे त्याला ठाऊक असते.

खेळाच्या मैदानावर मात्र आपण ही रीत विसरतो. सामन्याला दोन संघ लागतात हे सर्वांना कबूल. पण सामन्याला दोन्हीकडची माणसेही लागतात, हे फार थोड्यांना कबूल असते. तिकिटे वाटण्याची वेळ आली की पहिला मान पदाधिकाऱ्यांचा, दुसरा त्यांच्या मेहुण्यांचा, तिसरा मेहुण्यांच्या साहेबांचा. आणि आपल्या संघाच्या मागोमाग रात्रभर प्रवास करून आलेल्या परगावच्या माणसाला, उरलीच तर, खांबाआडची जागा.

माझा एक पुतण्या इंग्लंडात असतो. तिथे जाऊन त्याला फुटबॉलचे वेड लागले. त्याच्या संघाचा सामना परगावी असला की तो पहाटेची गाडी पकडतो, दोन तास ओरडतो आणि घसा बसवून रात्री घरी येतो. दर दिवाळीला त्याचा फोन येतो आणि फराळाची चौकशी संपली की तिकिटांची कहाणी सुरू होते. त्याच्याकडून मला कळले की तिथल्या प्रीमियर लीगमध्ये पाहुण्या संघाच्या पाठीराख्यांचा वाटा नियमानेच ठरलेला आहे : 3,000 तिकिटे, किंवा मैदान लहान असेल तर एकूण जागांच्या 10 टक्के. त्यांच्यासाठी मैदानाचा एक भाग वेगळा राखलेला असतो. 2016 साली तर या तिकिटांना 30 पौंडांची कमाल मर्यादा घालण्यात आली. पाहुण्याला आधीच प्रवासाचा भुर्दंड, त्यात तिकिटाचा नको, हा विचार.

"पण काका, तीन हजार तिकिटे आणि मागणारे त्याच्या कितीतरी पट. मग द्यायची कुणाला?" असे म्हणून त्याने मला गुणांची पद्धत समजावून सांगितली. पुष्कळ क्लब परगावच्या प्रत्येक सामन्याची हजेरी मांडून ठेवतात. पावसात, थंडीत, हरत्या संघाबरोबर कोण कोण गेले होते, त्याचे गुण. मोठ्या सामन्याची तिकिटे निघाली की ज्याचे गुण जास्त त्याला ती आधी. पुतण्याला ही पद्धत म्हणजे विलायती डोक्याची कमाल वाटत होती. मी त्याला म्हटले, "अरे, ही पद्धत आपल्या दाभोळच्या खाडीत तुझ्या जन्माआधीपासून चालू होती!"

दाभोळ हे आमचे गाव. वाशिष्ठी जिथे समुद्राला मिळते तिथले हे जुने बंदर. बहमनी आणि आदिलशाही काळात इथे दूरदूरची गलबते लागत; विजापूरच्या अमदानीतली मशीद त्या वैभवाची साक्ष देत अजून उभी आहे. 2003 पासून दाभोळहून पलीकडे धोपाव्याला मोटारी वाहून नेणारी फेरीबोट चालते. पण मी सांगतो आहे तो काळ 1965 ते 70 चा. तेव्हा पलीकडे जायचे तर होडी, आणि रस्त्याने जायचे तर चिपळूणचा वळसा.

भाताची कापणी झाली, मळे वाळले, की आमच्या गावची पोरे खेळपट्टी चोपायला घेत आणि क्रिकेट सुरू होई. पलीकडच्या एका गावाशी आमचे दरवर्षी दोन सामने ठरलेले : एक इकडे, एक तिकडे. बक्षीस म्हणजे सुताराने केलेली एक लाकडी ढाल. सामना किती वाजता सुरू व्हायचा हे भरतीवर अवलंबून आणि संपायचा कधी हे ओहोटीवर. परगावच्या सामन्याला माणसे किती न्यायची, हे ठरवणारे होडीवाले चाचा. त्यांची होडी वीस माणसांची. एकविसावा पाय टाकू लागला की ते शांतपणे वल्हे खाली ठेवीत आणि म्हणत, "हा बसणार असेल तर मी उतरतो. मग तुम्हीच वल्हवा."

वीसांतले अकरा खेळाडू आणि एक राखीव. उरल्या आठ जागा. त्या आठ जागांसाठी गावात जे राजकारण चाले, ते पाहून मला पुढे आयुष्यात कोणत्याच राजकारणाचे नवल वाटले नाही.

आमच्या घरच्या सामन्यांचा धावफलक माझी आत्या लिहीत असे. अकाली वैधव्य येऊन ती माहेरी परतली होती. अक्षर मोत्यासारखे, हिशेबाला पक्की. क्रिकेट तिने रेडिओवर ऐकून आत्मसात केले होते; बाळ ज. पंडितांचे मराठी समालोचन लागले की तिच्या विळीवरची भाजी तशीच राही. आंब्याखाली घोंगडी टाकून ती वही घेऊन बसे. चेंडूगणिक टिंब, धावेगणिक आकडा. दोन्ही संघ भांडत भांडत तिच्याकडे येत, वहीत पाहत आणि गप्प होऊन परत जात.

पण सामना खाडीपलीकडे असला की लिहिणाऱ्याची जागा दुसऱ्याच कुणाला मिळे. "बाईमाणसाने होडीतून कशाला यायचे?" एवढे एक वाक्य पुरे होई. आत्या काही बोलत नसे. पहाटे उठून वीस माणसांच्या दशम्या ती बांधून देई आणि संध्याकाळी धक्क्यावर जाऊन उभी राही. होडी दिसू लागली की लोकांच्या ओरडण्यावरून ती निकाल ओळखे. ओरडणे नसले तर विचारीतही नसे.

एका वर्षी लिहिण्याचे काम गावातल्या एका बड्या घरच्या भाच्याकडे गेले. त्याने धावा सिगारेटच्या पाकिटावर मांडल्या, आणि मध्येच पाकीट संपले म्हणून उरलेल्या डोक्यात ठेवल्या. शेवटी आम्ही म्हणू लागलो की आम्ही एका धावेने जिंकलो. ते म्हणू लागले की तेच दोन धावांनी जिंकले. ढाल कुणाकडेच जाईना. ती सहा महिने चाचांच्या घरी खुंटीला लटकली होती.

पुढच्या हंगामात पलीकडून निरोप आला. तो मला शब्दशः आठवतो, कारण आत्याने तो आयुष्यभर जपला. "सामना ठेवू. पण तुमची लिहिणारी बाई आणा. ती लिहील ते आम्हांला मान्य."

आत्या गेली. पलीकडच्या लोकांनी तिच्यासाठी शाळेतली खुर्ची आणून सावलीत ठेवली आणि शहाळे फोडून दिले. त्या दिवशी आम्ही सडकून हरलो. आत्याने आमचा पराभव त्याच मोत्यासारख्या अक्षरात लिहिला आणि खाली रेघ मारली. आश्चर्य असे की त्या दिवशी कुणीच भांडले नाही. हरलो हे आम्हांला पटले, कारण आमचे माणूस सांगत होते. आणि आपण जिंकलो हे त्यांनाही पहिल्यांदाच नीट पटले, कारण पलीकडचे माणूस ते लिहीत होते.

उरलेल्या सात जागांचा निकालही त्याच वर्षी लागला. तो चाचांनी लावला. "जो मळ्यात खेळपट्टी चोपायला आला, तो होडीत. जो नुसता बघायला आला, तो धक्क्यावर." हीच ती गुणांची पद्धत! फरक इतकाच की हजेरी चाचांच्या डोक्यात असे आणि तिथे कुणाच्या साहेबांची चिठ्ठी चालत नसे.

मोजून माणसे बसवायची ही शिस्त क्षुल्लक वाटते. पण तिच्यावर जीव अवलंबून असतात. 16 ऑगस्ट 1980 रोजी कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांचा फुटबॉल सामना झाला. दोन्ही संघांचे पाठीराखे एकाच गॅलरीत बसलेले होते. मैदानावर धक्काबुक्की झाली, ती गॅलरीत पसरली, आणि त्या चेंगराचेंगरीत 16 प्रेक्षक मेले. तेव्हापासून कलकत्त्यात त्या दिवशी फुटबॉलप्रेमी रक्तदान करतात. पाहुण्यांची जागा वेगळी राखण्यात पाहुणचार आहे, तितकाच जीव वाचवण्याचा शहाणपणाही आहे.

मुंबईच्या तिकिटांचा इतिहास तर सर्वांना माहीत असावा असा आहे. ब्रेबोर्न स्टेडियम 1937 साली उभे राहिले ते क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचे. कसोटी सामने तिथे व्हायचे. पण मुंबई क्रिकेट संघटनेला त्यात किती जागा मिळाव्यात, यावरून दोघांत वर्षानुवर्षे वाद चालले. ते इतके विकोपाला गेले की विधानसभेचे त्या वेळचे अध्यक्ष शेषराव वानखेडे यांनी पुढाकार घेऊन हाकेच्या अंतरावर दुसरे स्टेडियम उभे केले, तेही सुमारे 13 महिन्यांत. तिकिटांच्या भांडणातून जन्मलेले असे मैदान जगात विरळाच. तिथली पहिली कसोटी जानेवारी 1975 मध्ये वेस्ट इंडीजशी झाली.

मी तेव्हा मुंबईत कॉलेजला होतो आणि गिरगावातल्या एका चाळीत काकांकडे राहत असे. आमच्या मजल्याला मिळून एकच तिकीट मिळाले होते, तेही कुणाच्या कुणाच्या ओळखीने. एकच तिकीट सगळ्या दिवसांचे; म्हणून प्रत्येक दिवस एकेका बिऱ्हाडाला वाटून दिला. आमच्या वाट्याचा दिवस काकांनी आत्याला दिला. ती दापोलीहून एस.टी.ने आली होती आणि सोबत नवी वही आणली होती.

तो दिवस क्लाइव्ह लॉइडने दोनशे पूर्ण करण्याचा निघाला. त्याचे अभिनंदन करायला एक तरुण मैदानात धावला आणि पोलिसांनी त्याला बदडून काढले. त्यावरून प्रेक्षक खवळले, मोडतोड झाली, खेळ थांबला. लॉइड पुढे 242 धावांवर नाबाद राहिला आणि सामना वेस्ट इंडीजने 201 धावांनी जिंकला. आत्या रात्री घरी आली ती गप्प गप्प. जेवताना एवढेच म्हणाली, "त्या पाहुण्यांचे इथे कुणीच नव्हते रे. एक पोरगा त्यांच्या वतीने उठला, तर त्यालाच मारले."

त्यानंतर 36 वर्षांनी, 2011 साली, त्याच वानखेडेवर विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. जागा सुमारे 33 हजार. त्यांतली सर्वसामान्यांना विकायला काढलेली तिकिटे सुमारे 4 हजार. बाकीची क्लब, संघटना, पुरस्कर्ते यांच्यात आधीच वाटली गेलेली. तिकिटांवरून उभे राहिलेल्या मैदानालाही तिकिटांचा प्रश्न सुटला नाही तो नाहीच. मग त्यात श्रीलंकेहून आलेल्या पाहुण्याचा विचार कोण करणार?

चांगली उदाहरणेही आहेत. 20 मार्च 2022 रोजी मडगावच्या फातोर्ड्याला इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना होता, केरळ ब्लास्टर्स आणि हैदराबाद यांचा. दोन्ही संघ गोव्याला परकेच. साथीमुळे दोन हंगाम रिकाम्या मैदानावर काढल्यानंतर प्रेक्षकांना दार उघडले होते. केरळचे लोक रेल्वेने, मोटारसायकलींनी शेकडो मैल आले आणि त्यांनी स्टेडियम पिवळे करून टाकले. सामना पेनल्टीवर हैदराबादने जिंकला. पण परगावचा सामना म्हणजे काय, हे त्या दिवशी आपल्या शेजारच्या गोव्याने पाहिले.

आणि 1999 सालचे मद्रास विसरता येत नाही. पाकिस्तानने भारताला अवघ्या 12 धावांनी हरवले. पलीकडचे पाठीराखे मैदानावर नव्हतेच म्हणायचे. क्षणभर सारे स्तब्ध झाले आणि मग चेपॉकचे प्रेक्षक उठून उभे राहिले, टाळ्या वाजवू लागले. पाकिस्तानी संघाने त्या टाळ्यांत मैदानाला फेरी मारली. यजमानांनी स्वतःच पाहुण्यांची जागा भरून काढली. आत्या तेव्हा थकली होती. पण दूरदर्शनसमोर बसल्या बसल्या तिने शेवटची धाव मांडली आणि खाली रेघ मारली.

पण असे मन प्रत्येक गावाकडे प्रत्येक दिवशी असते असे नाही. म्हणून नियम लागतो. तिकिटे वाटणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे की पाहुण्यांचा वाटा शेवटी उरलेल्यातून काढू नका, आरंभीच बाजूला ठेवा. ती मेहेरबानी नव्हे. आपला विजय खरा आहे, हे सांगायला साक्षीदार पलीकडचाच लागतो. आपले मेहुणे कितीही असले तरी त्यांची साक्ष कोण धरणार?

आमच्या कोकणात पाहुण्यांची पाने आधी मांडतात. घरच्यांना मागाहून आमटी पातळ मिळते, त्याबद्दल आजवर कुणी तक्रार केल्याचे मी ऐकलेले नाही.