तळीच्या काठचा नकाशा

फोंडा तालुक्यातील आमच्या देवळात जत्रेस अलीकडे इतकी वाहने येऊ लागली की, पालखी बाहेर काढावयाची म्हणजे आधी मोटारींस हात जोडावे लागत. तेव्हा देवळामागील तळीचा एक कोपरा मातीने भरून तेथे गाड्यांसाठी जागा करावी, असा ठराव महाजनांच्या सभेपुढे आला. तळी शेवाळलेली, डासांचे माहेरघर. कोणास तिचे काय पडले होते? ठरावास अनुमोदन आम्हीच दिले होते, हे येथे आधीच सांगून टाकतो.

त्याच सुमारास आमची पुतणी भोपाळहून सुटीस आली. केंद्र शासनाने २००८ साली तेथे नियोजन व वास्तुकला यांचे विद्यालय काढले आहे. त्यात ती नियोजनाची चार वर्षांची पदवी घेत होती. तिने ही वाट धरली तेव्हा घरात कोणासही आनंद झाला नव्हता. “इंजिनिअर नव्हे, आर्किटेक्ट नव्हे, मग ही होणार तरी कोण?” हा आमच्या बंधूंचा प्रश्न, आणि त्याचे उत्तर आमच्यापाशीही नव्हते. नियोजन म्हणजे रंगीत नकाशे काढण्याची कारकुनी, अशी आमची समजूत होती. आर्किटेक्ट घर उभारतो. परंतु ते घर कोठे असावे, त्यास पाणी कोठून यावे, सांडपाणी कोठे जावे आणि त्यातील मुलाने शाळेस कोणत्या वाटेने जावे, हा विचार करणारा निराळा, एवढे तिने आम्हांस समजावले. त्यासाठी तिला लोकसंख्याशास्त्र, अर्थशास्त्र, भूगोल, वाहतूक, जमिनीचे कायदे, सारेच थोडेथोडे शिकावे लागे. वर्गापेक्षा वणवण अधिक. गल्लीगल्लीतून हिंडून घरे मोजावयाची आणि बायाबापड्यांस पाणी किती वाजता येते म्हणून विचारावयाचे!

एकदा त्यांस इंदुरास नेले होते. तेथून ती पॅट्रिक गेडिस यांची कथा घेऊन आली. हे स्कॉटलंडचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र हा विभाग निघाला, त्याचे ते पहिले प्रमुख. त्यापूर्वी होळकर दरबाराने त्यांस इंदुरास बोलाविले होते. शहरात प्लेगचे भय. गेडिस यांनी १९१७ च्या दिवाळीत मिरवणूक काढण्याचे ठरविले आणि जाहीर केले की, जी पेठ आपली घरे व रस्ते अधिक स्वच्छ करील तिच्यातून ती जाईल. मिरवणुकीचा मान कोणास नको? लोकांनी आपण होऊन घरे झाडली, रंगविली. पुढे १९१८ साली त्यांचा इंदूरविषयीचा अहवाल दोन खंडांत छापला गेला. दिंडीपालखीचा असाही उपयोग असतो, हे आम्हां देवळाच्या माणसांस एका परदेशस्थाच्या तोंडून कळावे, याची थोडी लाजच वाटली.

“आणि काका,” ती म्हणाली, “डास होतात म्हणून तळी बुजविण्याला त्यांचा विरोध होता. तळ्यात मासे आणि बदके सोडा, ती डासांच्या अळ्या खातील, असे ते सांगत.”

आम्ही गप्प राहिलो. दुसऱ्या दिवशी तिने तळीच्या काठाने हिंडून एक कागद रेखाटला. डोंगरातील झर कोठून उतरते, ती तळीत कशी मुरते, तळीतून निघालेला पाट खालच्या कोणकोणत्या कुळागरांस भिजवितो आणि कोणाच्या विहिरी त्या ओलाव्यावर तग धरून आहेत, हे सारे त्यावर होते. त्यांतील एक विहीर आमचीच! साठ वर्षे आम्ही तिचे पाणी प्यालो, पण ते येते कोठून हे कधी विचारले नव्हते. दुसऱ्या कागदावर गाड्यांचा हिशेब. वर्षातील चार रात्री सोडल्या तर देवळापुढील आहे ती जागाही भरत नव्हती.

महाजनांच्या वहीत तिचे नाव नाही. म्हणून सभेत आपल्याच अनुमोदनाविरुद्ध आम्हांस उभे राहावे लागले. काहीजण हसले. “पोरीने फिरविले,” असेही एकजण बोलला, आणि ते खोटे नव्हते. ठराव फेटाळला गेला नाही. वर्षभरापुरता तहकूब झाला.

या शिक्षणाने पोट भरते काय, हे विचारणारे पालक पुष्कळ भेटतात. राज्यांची नगरनियोजन खाती, महापालिका, विकास प्राधिकरणे येथे जागा असतात, पण जाहिरात कधी निघेल याचा नेम नाही. खासगी सल्लागार संस्थांत काम अधिक, आणि रात्रीचा दिवस करावा लागतो. पुढे दोन वर्षे शिकून कोणी वाहतुकीत, कोणी गृहनिर्माणात, कोणी पर्यावरणाच्या नियोजनात शिरतो. शिवाय रेखाटणारा एक आणि सही करणारा दुसरा, हे दुखणे आहेच. गोव्याचा प्रादेशिक आराखडा २०११ लोकांच्या रोषामुळे शासनाने २००७ साली मागे घेतला, तेव्हा नकाशावरील रंग म्हणजे कोणाची तरी शेतजमीन असते, हे आमच्या गावानेही पाहिले होते. तरी बंधूंस ते आठवले नाही, आम्हांसही नाही.

पुतणी आता हैदराबादेस एका सल्लागार संस्थेत बसमार्गांचे काम करते. यंदा जत्रेच्या गाड्या वेशीजवळच्या पडीक शेतात लावल्या. म्हाताऱ्यांस चालणे जड गेले, त्यांच्यासाठी दोन रिक्षा ठेवाव्या लागल्या. तक्रारी अजून चालू आहेत. पालखी मात्र कोठे अडली नाही. रात्री तिचा फोन आला. दर्शनाचे तिने विचारलेच नाही. वेशीपासून देवळापर्यंत माणसांस किती मिनिटे लागली, तेवढे सांगा म्हणाली. आम्ही घड्याळ पाहावयाचे विसरलो होतो.